गुरुवारी माणूस येईल, त्याला परत पाठवू नका

।। श्री ।।
पुणे, ९ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी दुसऱ्याच वाक्याला "नको" म्हटलं असतं, म्हणून लिहितेय. येत्या गुरुवारी अकराच्या सुमारास विश्रामबागेतल्या दुकानातला मुलगा टेम्पो घेऊन येईल. टीव्हीसाठी स्पीकर घेतलेत. पुढचे दोन, मधला एक, आणि खर्जाचा एक मोठा डबा. शिवाय ते चालवणारा रिसीव्हर. पैसे देऊन झालेत, अर्धे दादाने दिलेत. किंमत सांगणार नाही, कारण ती कळली की तुम्ही त्या मुलाला चहा पाजून टेम्पोसकट परत पाठवाल. तसं करू नका.

आता कारण. आई, तू सांगू नकोस म्हणाली होतीस, तरी सांगते. बाबा, तुम्ही तिच्यावर रागवायचं नाही. पाच तारखेला तुम्ही भावे नाट्यमंदिरातून मधूनच उठून घरी आलात. आईला म्हणालात, कार्यक्रम लवकर आटोपला. रंगभूमी दिनाचा कार्यक्रम तुम्ही अर्धा सोडलेला मला आठवत नाही. नाना गेले त्या वर्षीसुद्धा तुम्ही जाऊन आला होतात. आईने हे सांगितलं त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मला ते दिवाळीतच दिसलं होतं. आम्ही सगळे हसायचो आणि तुम्ही आमच्याकडे बघून मग हसायचा. टीव्ही इतका मोठा लावलेला की आई भाऊबीजेच्या दिवशीसुद्धा स्वयंपाकघरात रेडिओपाशी जाऊन बसली. मी चार दिवस बघितलं, काही बोलले नाही आणि भडंगाची पिशवी घेऊन गाडीत बसले.

एक गोष्ट आधी स्पष्ट सांगते. यात कानांचा दोष असेल तेवढाच त्या हॉलचा आहे, आणि हॉल माझ्या हट्टामुळे तसा झाला. २०१९च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, सोपा आणि माजघर यांच्यामधली भिंत फुगून आली, तेव्हा "आता पाडूनच टाका, मोकळं होऊ दे" असं मीच म्हटलं होतं. आई नको म्हणत होती. खालची फरशीसुद्धा मीच बदलायला लावली. आता तीस बाय अठराचा हॉल, अकरा फूट उंच, एका अंगाला जिना उघडा, मागे स्वयंपाकघर उघडं. हवा खेळते, उजेड येतो, लोक बघून छान म्हणतात. पण मधोमध उभं राहून एक टाळी वाजवून बघा. टाळी थांबते आणि तिची झणझण मागे राहते. टीव्हीवरच्या प्रत्येक शब्दाचं तेच होतं. पहिला शब्द अजून भिंतींवर आपटत असतो, तोवर दुसरा येऊन त्याच्यावर पडतो. पूर्वीच्या माजघरात तुम्ही पलंगावर पडून बातम्या ऐकायचा तेव्हा आवाज पाव भागही नसायचा. तुमचे कान एका वर्षात बिघडलेले नाहीत, बाबा. भिंत एका दिवसात गेली.

टीव्हीचे आपले स्पीकर तळाला असतात, खाली तोंड करून. तो आवाज टेबलावर पडून मग खोलीत पसरतो. एवढ्या मोठ्या जागेत तो सोफ्यापर्यंत येईस्तोवर त्यात काही उरत नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनी उतरतो. घरात भिंतींमुळे जरा कमी उतरतो, पण जे भिंतीवरून येतं ते अस्पष्ट असतं.

शेजारच्या काकांनी साउंडबार सुचवला होता, हे आईकडून कळलं. त्यांच्या खोलीत तो चांगलाच वाजत असेल, ती दहा बाय बारा आहे आणि चारी बाजूंनी भिंती आहेत. तसले बार बाजूचा आवाज बाजूच्या भिंतीवर मारून आपल्याकडे आणतात. आपल्याकडे डाव्या अंगाला भिंतच नाही. तो आवाज जिना चढून गच्चीत जाईल. काकांना हे सांगू नका, त्यांनी मायेने सुचवलं होतं. नुसतं म्हणा, मुलीने आधीच घेतलं होतं.

मी दोन शनिवार इथे दुकानांत घालवले. फोनमध्ये आपल्या हॉलचा फोटो होता, तो दाखवून प्रत्येक ठिकाणी एकच विचारलं, माझ्या वडिलांना शब्द कळतील का. बऱ्याच जणांनी सात स्पीकर, नऊ स्पीकर, छतातून पावसाचा आवाज, असं सुरू केलं. एका वयस्कर गृहस्थांनी मात्र विचारलं, ते बघतात काय? मी म्हटलं, बातम्या, जुनी नाटकं, आणि आई बघते त्या मालिका. ते म्हणाले, मग सगळा पैसा पुढच्या तिघांत घाला, मागे काही लावू नका. सिनेमातलं बोलणं बहुतेक सगळं मधल्या स्पीकरमधून येतं. आणि मालिकांमध्ये, जुन्या नाटकांमध्ये मधला असा वेगळा नसतो, तिथे दोन्हीकडे सारखा असलेला आवाज, म्हणजे माणसाचं बोलणं, रिसीव्हर स्वतःच उचलून मध्ये आणून ठेवतो. त्या मधल्याचा आवाज तेवढा वेगळा वाढवता येतो. पार्श्वसंगीत आहे तिथेच राहतं, माणूस तेवढा पुढे येऊन बोलतो. हे ऐकलं आणि मी तिथेच ठरवून टाकलं.

घेतलेत ते क्लिप्शचे. वरच्या बारीक आवाजाला त्यात छोटा कर्णा असतो. कर्ण्यामुळे तो आवाज चहूकडे न सांडता सोफ्याच्या दिशेने येतो, भिंतींवर कमी आपटतो. शिवाय ते थोड्या विजेत जास्त वाजतात. दुसरा जो जोड मी बघत होते, त्याच्याहून ६ डेसिबलनी जास्त, म्हणजे तेवढ्याच आवाजाला त्याला चौपट वॅट लागले असते. छोट्या खोलीत याने फरक पडत नाही, आपल्या हॉलमध्ये पडतो.

उंच उभे स्पीकर दिसायला फार देखणे होते, बाबांना तेच आवडले असते हे मला माहीत आहे. पण एकेक वीस किलोच्या वर. तुम्ही दोघांनी ते कसे हलवायचे? म्हणून भिंतीवरच्या ब्रॅकेटवर बसणारे घेतले, सहा-सात किलोचे, हाताने अलगद उचलून काढता येतात. ब्रॅकेट बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला येतील, म्हणजे बाबांनी पेन्सिलने मारलेल्या पाण्याच्या खुणेच्या खालीच. म्हणून हे नीट ऐका: आयर्विनला ४० फूट झाले की स्पीकर काढून वर. ४५ची, म्हणजे धोक्याच्या पातळीची, वाट बघायची नाही. खर्जाचा डबा जड आहे, बाबांनी त्याला हात लावायचा नाही, शेजारच्या पोराला हाक मारायची. त्याच्या दोनच वायरी आहेत, त्या कशा काढायच्या ते तो दुकानातला मुलगा आईला दाखवेल. आईला, बाबांना नाही, कारण बाबा "कळलं, कळलं" म्हणतात.

मागे स्पीकर न लावण्याचं आणखी एक कारण आई, तुझे गुडघे. मागच्या दोघांच्या वायरी फरशीवरून न्याव्या लागल्या असत्या, आणि तू रात्री पाणी प्यायला दिवा न लावता उठतेस. पुढच्या वायरी भिंतीलगत पट्टीतून जातील, झाडू मारताना अडकणार नाहीत. तुझ्या रेडिओला कुणी हात लावणार नाही. तो फडताळावर आहे तिथेच राहील, आकाशवाणी सांगलीवरच लावलेला. टीव्हीचा आवाज कमी झाला की तुला तो ऐकायला दारही लोटावं लागणार नाही.

तो खर्जाचा डबा. बाबा, दुकानात त्याच्यासमोर उभी होते आणि मला एकदम माठ आठवला. टेपचा स्पीकर तुम्ही माठात बसवला होतात आणि मी विचारलं होतं, बाबा, स्पीकरला तहान लागते का? तुम्ही हसला नाहीत. मला खाली बसवलंत, स्पीकर माठातून काढून हातात धरून वाजवलात, मग परत माठावर ठेवलात. एकदम केवढा घुमला! म्हणालात, स्पीकर पुढे ढकलतो तेवढंच मागे ओढतो, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून मागचं माठात कोंडायचं. मी सात वर्षांची असेन. हे त्या दुकानदारांना सांगितलं तर ते म्हणाले, तुमच्या वडिलांनी तुम्हाला सगळं शिकवलेलंच आहे. हा बारा इंची आहे. आठ इंचीवर भागवा असं एकाने सांगितलं होतं, पण खर्जाला आपली सगळी हवा हलवावी लागते, हॉलची सहा हजार घनफूट, वर जिना आणि स्वयंपाकघर. छोटा धापा टाकत राहिला असता. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो ते कानाला फारसं कळत नाही, त्यामुळे डबा टीव्हीजवळच हवा असं नाही. मुलगा तो आधी सोफ्यावर ठेवून वाजवेल आणि तुम्ही भिंतीकडेने हिंडून जिथे पखवाज सगळ्यात सुरेख ऐकू येतो ती जागा सांगायची. डबा तिथे जाईल. हे काम बाबांचं.

बाकी कामं आईची, आणि ती गुरुवारच्या आत हवीत. सोफा टीव्हीपासून अठरा फुटांवर आहे, तो बारावर आणा. मधोमध ओसाड दिसेल, दिसू दे. आजीच्या वाकळी ट्रंकेतून काढ. एक मोठी सतरंजी टीव्ही आणि सोफा यांच्यामध्ये अंथर, वाकळ तिच्याखाली, म्हणजे घसरणार नाही. कडा मात्र चिकटपट्टीने बसवून घे, पाय अडकायला नको. खिडकीला ते जाड पडदे परत लाव, काढले तेव्हा मीच काढायला लावले होते. बाबांची पुस्तकं वरच्या खोलीत खोक्यांत आहेत, निदान दोन घडवंच्या भरून सोफ्यामागच्या भिंतीला लावा, वरच्या कप्प्यांत. पुस्तकांच्या भिंतीवरून आवाज एवढा परत उडी मारत नाही. मग पुन्हा टाळी वाजवून बघा आणि मला फोन करा. मधला स्पीकर टीव्हीखालच्या फळीवर अगदी कडेला ओढून ठेवायचा, आत ढकलायचा नाही, त्याच्यापुढे गणपती ठेवायचा नाही. गणपतीला दुसरी जागा बघ. रिसीव्हर इन्व्हर्टरवर लावू नका. गडगडायला लागलं की बटण भिंतीवरून बंद, आणि पिनही काढा.

आता शेवटचं, आणि बाबा, हे तुम्ही एकट्याने वाचा.

स्पीकरने हॉल सुधारेल. कान किती गेलेत ते कळणार नाही. वय झालं की कान वरच्या पट्टीकडून उतरत येतो. आ, ई, ओ हे स्वर खालचे, ते ऐकू येत राहतात. स, श, त, फ ही अक्षरं बारीक आणि वरची, ती आधी निसटतात. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं पण काय बोलतोय ते कळत नाही, आणि आवाज वाढवला तरी स्वरच तेवढे वाढतात. त्या दिवशी तुम्हाला नाट्यगृहात हेच झालं असणार. यात तुमचं काही चुकलेलं नाही आणि उठून येण्यात कमीपणा नाही. मला एवढंच वाईट वाटलं की तुम्ही ते एकट्याने सोसलंत.

मी दुसऱ्या शनिवारी येते. मिरजेत कानाच्या तपासणीची वेळ घेतली आहे, दहाची. कानाला हेडफोन लावून बारीक बारीक शिट्ट्या ऐकवतात, ऐकू आली की बटण दाबायचं, फार तर अर्धा तास. यंत्र लावायचंच असं मी म्हणत नाही. आधी नुसतं बघू. नानांचा तंबोरा बोलायचा कमी झाला की तुम्ही स्वतः सायकलवरून मिरजेला नेऊन जवारी काढून आणायचा. "लाकूड आहे, बसतं" म्हणायचा. तसंच समजा आणि माझ्याबरोबर चला. येताना आपण दर्ग्यावरून येऊ.

गुरुवारी सगळं लागलं की पहिलं काय लावायचं ते तुम्ही ठरवा. लावाल तेव्हा मला फोन करून तसाच चालू ठेवा, मी इकडे ऐकत बसेन. आईला सोफ्यावर तुमच्या शेजारी बसवा, स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका.

आई, गोळ्या वेळेवर घे. त्या मुलाला जेवून जायला सांग, तो लांबून येतोय.

तुमची,
चिमी

ता. क. खोकी काढताना माळ्यावरचा माठ हलवू नका आणि कुणाला देऊन टाकू नका. मी आले की घेऊन जाणार आहे.