फॉरमॅट करू नका, आधी जागा पाहा

म्युनिक, जर्मनी

चि. माईस अनेक आशीर्वाद.

पासवर्ड घातला की पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा पासवर्डचाच चौकोन समोर येतो, असे तू फोनवर सांगितलेस. बाजारातल्या दुकानदाराने फॉरमॅट मारून, म्हणजे डिस्क पुसून, विंडोज टाकून देण्याची तयारी दाखवली आहे, त्याला तूर्त नाही म्हणून सांग. अंबाजोगाई, केज आणि धारूरकडच्या गावांत फिरून तू म्हाताऱ्या बायकांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या नोंदवून घेतल्यास, त्या सगळ्या याच डिस्कवर आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. त्यांतल्या काही जणी आता हयात नाहीत. फॉरमॅटनंतर त्या ओव्या परत मिळतील याची हमी कोणीही देऊ शकणार नाही.

मुळात तुझा संगणक बिघडलेला नाही. तो विंडोजऐवजी लिनक्स या यंत्रणेवर चालतो. लिनक्समध्ये खिडक्या, मेनू आणि माउसचा बाण दाखवणारा भाग हा मूळ यंत्रणेवर चढवलेला वेगळा प्रोग्राम असतो. तुझ्या मिंटमध्ये, म्हणजे लिनक्सच्या तुझ्याकडच्या प्रकारात, हे काम करणारी एक्स विंडो सिस्टिम अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९८४ साली सुरू झाली आणि लिनक्सचा गाभा १९९१ सालचा. दोन्ही स्वतंत्रपणे घडलेले असल्यामुळे वरचा भाग कोसळला तरी खालचा चालू राहतो आणि फायलींना धक्का लागत नाही. म्हणून आपण खालून वर तपासत जायचे.

पासवर्डच्या चौकोनापाशी आल्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ ही बटणे एकदम दाब. लॅपटॉप असल्यामुळे कदाचित एफएन बटणही सोबत दाबावे लागेल. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन विचारले जाईल. तिथे तुझे नाव आणि पासवर्ड दे. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बंद पडला असे समजून थांबू नकोस, पूर्ण टाइप करून एंटर दाब. नंतर स्मॉल अक्षरांत डी आणि एफ, एक जागा सोडून आडवी रेघ आणि तिला लागून एच, असे लिहून एंटर दे. जो तक्ता येईल त्यात शेवटच्या रकान्यात फक्त एक तिरकी रेघ असलेली ओळ शोध आणि तिच्यापुढचा टक्क्यांचा आकडा पाहा.

तो आकडा १०० असेल, असा माझा दाट अंदाज आहे. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ वेव्ह फाइलला, म्हणजे न आवळलेल्या ध्वनिमुद्रणाला, तासाला सुमारे ६३५ एमबी लागतात, आणि तू तर एकेका आजीला तासन् तास बोलते केले आहेस. डिस्क भरली तरी यंत्र सुरू होते, कारण ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीच्या डिस्कवर सहसा ५ टक्के जागा यंत्रणेच्या मुख्य खात्यासाठी राखून ठेवलेली असते. परंतु तुझ्या खात्यात लॉगिन होताना काही लहान फायली लिहाव्या लागतात. त्यांना जागा मिळाली नाही की सत्र तिथेच संपते आणि तू पुन्हा पासवर्डपाशी येतेस. एवढ्या मोठ्या यंत्राला मूठभर जागेवाचून अडावे लागते.

जागा मोकळी करण्यासाठी सुडो, ॲप्ट आणि क्लीन हे तीन शब्द इंग्रजीत एकेक जागा सोडून लिही. अपडेटच्या वेळी उतरवलेली आणि आता नको असलेली पॅकेजेस त्याने निघून जातात. तुझ्या फायलींना हात लागत नाही. टाइमशिफ्ट हा यंत्रणेच्या प्रती राखून ठेवणारा प्रोग्राम लावला असेल तर त्याच्या जुन्या प्रतीही बरीच जागा खातात, पण त्या कशा काढायच्या ते फोनवर सोबतीने पाहू. आर-एम ही पुसण्याची कमांड मात्र कोणीही सुचवली तरी देऊ नकोस, कारण तिने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही.

आकडा ९० च्या आत असेल तर गोष्ट वेगळी. दुकानदाराने सुडो लावून, म्हणजे मुख्य खात्याच्या अधिकाराने, स्टार्टएक्स ही डेस्कटॉप सुरू करण्याची कमांड चालवून पाहिली असेल, तर तुझ्या फोल्डरातील डॉट एक्सऑथॉरिटी या, डेस्कटॉप उघडायची परवानगी नोंदवणाऱ्या, फाइलची मालकी मुख्य खात्याकडे गेलेली असू शकते आणि मग नेमकी हीच लक्षणे दिसतात. त्या फाइलचे फक्त नाव बदलले की पुढच्या लॉगिनला नवी फाइल आपोआप तयार होते. अपडेट चालू असताना लाईट गेली होती का, तेही आठवून सांग, कारण अर्धवट राहिलेले अपडेट पूर्ण करण्याची कमांड निराळी आहे.

कंट्रोल, ऑल्ट, एफ७ दाबले की तू पासवर्डच्या चौकोनाकडे परत येशील. डेस्कटॉप उघडला की दुसरे काहीही करण्याआधी ओव्यांचे फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घे आणि तिथल्या दोन-चार फायली वाजवून खात्री कर. वेव्ह फायली पुढे फ्लॅक या आवळलेल्या प्रकारात बदलून ठेवू. आवाजात काहीही न गमावता जागा बरीच वाचते. डेस्कटॉप उघडला नाही, तर त्या तक्त्याचा मोबाइलवर फोटो काढून मला पाठव. तुमच्या रात्री साडेनऊनंतर मी कामावरून घरी आलेला असतो.

आई-आबांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुझा,
दादा