शटर खाली आल्यानंतरचा तास कुणाच्या हिशेबात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आंबा मस्तानीचा मोसम आणि विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा पुण्यात एकाच वेळी येतात. एप्रिल उजाडला की पेठांमधल्या आइस्क्रीमच्या दुकानांपुढची रांग रात्री दहापर्यंत हटत नाही, आणि काउंटरच्या आत ग्लास भरणाऱ्या कितीतरी पोरापोरींचा दुसऱ्या दिवशी पेपर असतो. मी त्यांच्यातलीच एक. मूळची बार्शीची. इथे सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नारायण पेठेत कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन) राहते आणि संध्याकाळी मस्तानी-फालुद्याच्या एका दुकानात काम करते. घरी ज्वारी-तुरीची थोडी शेती आहे, धाकटा भाऊ बारावीला आहे, त्यामुळे राहण्या-जेवणाचे पैसे घरून मागायचे नाहीत असं ठरवूनच इथे आले.

या कामाबद्दल माझी तक्रार नाही. काम मला आवडतं. उन्हातून आलेल्या आजोबांच्या हातात मस्तानीचा ग्लास ठेवला की त्यांचा चेहरा कसा खुलतो, ते मी रोज बघते. गर्दीत एकाच वेळी सात ऑर्डरी डोक्यात ठेवायला शिकले, हिशेबात चोख झाले, अनोळखी माणसांशी बोलायची भीड चेपली. पत्र लिहायला बसले ते फक्त एका तासाविषयी. दुकानाचं शटर अर्धं खाली आल्यापासून आम्ही घरी जायला निघेपर्यंतचा जो तास-सव्वातास असतो, तो पुण्यातल्या पुष्कळ दुकानांत कामात धरलाच जात नाही. आमच्या भाषेत त्याला क्लोजिंग म्हणतात.

माझी शिफ्ट साडेपाच ते साडेदहा अशी ठरलेली आहे, आठवड्याला एक सुट्टी, महिन्याचे सात हजार. पाच तासांप्रमाणे सव्वीस दिवस धरले तर ताशी साधारण ५४ रुपये पडतात. पण प्रत्यक्षात बाहेर पडायला पावणेबारा होतात. तो सव्वा तास धरून भागाकार केला की तेच ४३ होतात. कॉटचे साडेतीन हजार आणि मेसचे तीन हजार दिल्यावर हातात किती उरतं, याचा हिशेब वाचकांनीच करावा. झेरॉक्स, जर्नल, परीक्षा फी, बार्शीची एसटी, सगळं त्यातच.

क्लोजिंग म्हणजे पाच मिनिटांत फडकं मारणं, असा बहुतेकांचा समज असतो. आमच्याकडे मस्तानीसोबत सॉफ्टीही मिळते. सॉफ्टीच्या मशिनमध्ये दुधाचं गोड मिक्स दिवसभर फिरत असतं. रात्री उरलेलं मिक्स काढून घ्यायचं, मग साधं पाणी फिरवायचं, मग पुढच्या प्लेटचे नट सोडवून ती उतरवायची. आतला फिरता दांडा बाहेर काढायचा. त्याच्यावर आणि नळाच्या दट्ट्यावर रबराच्या बारीक रिंगा असतात. त्या नखाने सोडवून काढल्या की खालच्या खाचेत सायीसारखा पांढरट चिकटा सापडतो. बाहेरून मशिन आरशासारखं लखलखत असलं तरी तो तिथे असतोच. बारीक ब्रशने ती खाच घासायची, सगळे भाग साबणाच्या कोमट पाण्यातून आणि मग निर्जंतुक करणाऱ्या पाण्यातून काढायचे, निथळू द्यायचे. घाईत एखादी रिंग उलटी बसली तर सकाळी मशिन गळतं.

मिक्सरच्या भांड्यांचं तेच. पात्याखालच्या वायसरमध्ये आंब्याचे धागे अडकतात. स्कूप ज्या पाण्यात बुडवून ठेवतो ते भांडं घासायचं, सिरपच्या बाटल्यांची तोंडं पुसायची (नाहीतर सकाळी मुंग्यांची रांग), भिजवलेला उरलेला सब्जा फेकायचा, रबडीचे डबे झाकून तारीख टाकून फ्रीजमध्ये सारायचे, डीप फ्रीझरचा काटा उणे अठराच्या आसपास आहे ना ते बघायचं. साखरेच्या पाण्याने फरशी चिकट झालेली असते, ती गरम पाण्याने दोनदा पुसल्याशिवाय सुटत नाही. शेवटी गल्ला. रोख वेगळी, यूपीआय वेगळं, आणि दोन्ही मिळून बिलांशी जुळेपर्यंत कुणी हलायचं नाही.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकते म्हणून मला हे जास्त लागतं, हे खरं आहे. आम्हाला प्रात्यक्षिकात दुधाच्या परखनळीत मिथिलीन ब्लू टाकून निळा रंग किती वेळात जातो ते बघायला लावतात. जीवाणू जितके जास्त, तितका रंग लवकर जातो. उबेला राहिलेल्या दुधाचा निळा रंग बघता बघता पांढरा होताना एकदा पाहिला की त्या रबरी रिंगेखालचा चिकटा तसाच सोडून घरी जाववत नाही. गोठवल्याने सगळे जंतू मरतात, हाही गैरसमज आहे. पुष्कळसे नुसते थांबून राहतात आणि ऊब मिळाली की पुन्हा वाढू लागतात. लिस्टेरिया नावाचा जीवाणू तर फ्रीजमधल्या चार अंशांनाही हळूहळू वाढत राहतो. अमेरिकेत एका मोठ्या कंपनीच्या आइस्क्रीममधून त्याची लागण झाल्याचं २०१५ साली उघडकीला आलं, त्यात तीन माणसं दगावली होती. तिथे तर मोठाले कारखाने होते. आपल्याकडे हे सगळं रात्री अकरा वाजता थकलेल्या तीन मुलांच्या हातावर सोडलेलं असतं.

लहान मुलांना, गरोदर बायकांना, म्हाताऱ्या माणसांना आपण जे खाऊ घालतो, ते सुरक्षित राहतं ते दिवसातल्या याच एका तासामुळे. आणि नेमका हाच तास बिनपगारी आहे. पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर ज्याला त्याला लवकर सुटायचं असतं, मग रिंगा न काढताच मशिनमधून पाणी फिरवून मोकळं व्हायचा मोह होतो. मी तसं करत नाही, माझ्यासोबतचा दादाही करत नाही. पण शहरातल्या प्रत्येक दुकानात, प्रत्येक रात्री, फुकटात कुणीतरी मन लावून घासेल या भरवशावर गिऱ्हाइकांनी का राहावं?

आमच्या मालकांविषयी कुणाचा गैरसमज होऊ नये. काका माणूस म्हणून चांगले आहेत. पेपर असला की सुट्टी देतात, गेल्या सत्राची फी भरायला त्यांनी उचल दिली होती. पावसाळ्यात विक्री कशी बसते आणि फ्रीझरचं बिल मात्र तेवढंच कसं येतं, तेही मी बघते. मी त्यांच्याशी या तासाविषयी बोलले. ते म्हणाले, “अगं, पाच मिनिटांचं तर काम, त्याचे कसले पैसे? शिफ्टमध्येच धरलंय ते.” शिफ्ट साडेदहाला संपते, मग साडेदहानंतरचं काम तिच्यात कसं धरलं, हे मी विचारलं तेव्हा ते “बघू” म्हणाले. ते वाईट हेतूने बोलले असं मला वाटत नाही. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून हे असंच चालत आलंय. या दुकानाआधी मी एका कॅफेत होते, तिथे तर सोडताना पंधरा दिवसांचा पगार डिपॉझिट म्हणून ठेवून घेतला आणि पुन्हा फोनच उचलला नाही. त्या मानाने काका लाख पटीने बरे.

कायद्याचं बघायला गेले तर तिथेही आमच्यासारख्यांना फारशी जागा सापडली नाही. २०१७ साली महाराष्ट्राने दुकाने आणि आस्थापनांचा नवा कायदा केला. दिवसाला नऊ तासांची मर्यादा, जादा तासांना दुप्पट मोबदला, रात्री साडेनऊनंतर बाईमाणसाला थांबवायचं तर तिची संमती आणि तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकाची, अशा चांगल्या गोष्टी त्यात होत्या. पण तो लागू केला दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी. आमच्या दुकानात आम्ही सहाजण. पेठेतल्या बहुतेक दुकानांत एवढेच असतात. म्हणजे ज्या ठिकाणी शिकणारी मुलं सर्रास काम करतात, तीच ठिकाणं वगळली गेली. किमान वेतनाला मात्र अशी अट नाही, आणि किमान वेतनाचा विचार आपल्या देशात १९४८ सालच्या कायद्यापासून झालेला आहे. पण जो तास कुठे लिहिलेलाच नाही, तो घेऊन सरकारी कामगार अधिकाऱ्यापुढे कसं जायचं?

माझं सगळं म्हणणं या लिहिण्यापाशीच येऊन थांबतं. विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची ‘कमवा व शिका’ योजना आहे. तिथे मुलं ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, बागेत काम करतात, किती तास केलं ते नोंदवतात आणि त्या तासांचे पैसे मिळतात. रक्कम मोठी नसते, पण केलेलं काम कागदावर असतं. मला त्या योजनेत जागा मिळाली नाही. माझी एक मैत्रीण कोथरूडला केकच्या दुकानात आहे, तिथे आल्याची वेळ आणि कुलूप लावल्याची वेळ अशा दोन्ही वेळा वहीत लिहितात आणि पगार त्यावर निघतो. दुकान छोटंच आहे, चौघंजण आहेत, आणि ते व्यवस्थित चाललंय. क्लोजिंगचे पैसे द्यायला लागल्यापासून तिथे भांडी कमी वेळात आणि जास्त स्वच्छ होतात, असं ती सांगते. कारण मालकीणबाईंनी गर्दी ओसरली की साडेनऊलाच एकाला आत घासायला पाठवायची पद्धत पाडली. वेळेला पैसे लागायला लागले की वेळ कशी वाचवायची हेही सुचतं.

आता दोन शब्द गिऱ्हाइकांसाठी. अर्धं शटर वाकून उचलून, “ताई, एकच सॉफ्टी द्या ना, पोरगं रडतंय,” असं कुणी म्हटलं की नाही म्हणायला जीभ रेटत नाही. पण तोवर मशिन खोललेलं असतं. ती एक सॉफ्टी द्यायची तर सगळे भाग पुन्हा बसवायचे, मिक्स पुन्हा ओतायचं, थंड व्हायची वाट बघायची आणि मग सगळं पुन्हा धुवायचं. गणपतीच्या दिवसांत देखावे बघून परतणारी माणसं अकरानंतरही दार वाजवतात, आणि त्या रात्री रस्ते बंद असल्यामुळे लांब राहणाऱ्या मुलांना घरी पोचायला पहाट होते. दुकानावर शेवटच्या ऑर्डरची वेळ लिहिलेली असेल तर कृपा करून ती पाळा. लिहिलेली नसेल तर मालकांना लिहायला सांगा. गिऱ्हाइकाचं ते लगेच ऐकतात.

सकाळी साडेसातला माझं प्रात्यक्षिक असतं. जीवाणू वाढवायला काल लावलेल्या प्लेट्स चोवीस तासांनी बघायच्या असतात, आणि त्यावरचे जीवाणूंचे ठिपके मला झोप झाली की नाही हे विचारून वाढत नाहीत. रात्री पावणेबाराला निघून, चालत खोलीवर येऊन, हाताचा व्हॅनिलाचा वास जाईपर्यंत धुवून साडेबाराला पाठ टेकते. वर्गात डोळे मिटतात तेव्हा मॅडम रागावतात. त्यांचंही बरोबर आहे. पण विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास मंडळाला आणि महाविद्यालयांना माझी विनंती आहे की बाहेर काम करणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी त्यांनी एक साधा छापील कागद काढावा. रोजची यायची वेळ, जायची वेळ, मालकाची सही, एवढंच त्यावर असावं. महाविद्यालयाचा शिक्का असलेला कागद पुढे केला तर कोणताही मालक तो भिरकावून देणार नाही. एकट्या मुलीने वही पुढे केली तर भिरकावून देतात.

पुण्याने गरीब विद्यार्थ्यांसाठी पूर्वी पुष्कळ केलं आहे. वार लावून जेवू घातलं, माधुकरी घातली. आजचं पुणे विद्यार्थी गृह १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह म्हणून सुरू झालं. त्या काळच्या मुलांना लोकांच्या दयेवर शिकावं लागलं आणि लोकांनी ती दया मनापासून दाखवली. आम्ही काम करतो. आम्हाला केलेल्या कामाचे पैसे हवेत, सगळ्या कामाचे.

पेठांमधल्या, कोथरूडच्या, फर्ग्युसन रस्त्यावरच्या आइस्क्रीम, मस्तानी, केक आणि वॉफलच्या दुकानांचे मालक हे पत्र वाचत असतील तर त्यांना इतकंच सांगायचं आहे. येत्या एक तारखेला हजेरीच्या वहीचं नवीन पान उघडाल, तेव्हा ‘आल्याची वेळ’ या रकान्याशेजारी ‘गेल्याची वेळ’ असा एक रकाना आखून घ्या, आणि तो दुकानाला कुलूप लावल्यावर भरायला सांगा. पगार त्यावरून काढा.

माझं नाव आणि पत्ता आपल्याकडे सोबत दिला आहे. नोकरी टिकायला हवी, म्हणून तो छापू नये ही विनंती.

आपली,
एक विद्यार्थिनी,
नारायण पेठ, पुणे