काझानलाकहून पत्र

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "सुट्टीत थडगं बघायला कोण जातं गं?" म्हणून हे सविस्तर लिहितेय. बाबा, तुम्हीच वाचून दाखवा, तिला चष्मा सापडणार नाही.

बल्गेरियातलं हे काझानलाक गुलाबांचं गाव. तेल काढण्यासाठी इथे गुलाबाची शेती होते, आणि तोडणी भल्या पहाटे. गावालगतच्या टेकाडावर १९४४ साली सैनिक खणत होते, तेव्हा विटांचं बांधकाम लागलं. ती निघाली थ्रेशियन लोकांची, म्हणजे या भागात प्राचीन काळी राहणाऱ्यांची समाधी, सव्वादोन हजार वर्षांहून जुनी.

बाबा, आधीच सांगून टाकते. मी पाहिली ती शेजारी बांधलेली प्रतिकृती. माणसांची ये-जा, श्वास, दमट हवा यांनी चित्रं खराब होतात म्हणून मूळ जागा जपून ठेवलीय. "म्हणजे नक्कल बघायला तिकीट काढलंस?" ऐकू आलं बरं का मला.

आधी छोटी खोली, मग जेमतेम दोन मीटरचा बोळ, आणि त्यापुढे गोल दालन. व्यास २.६५ मीटर, म्हणजे आपल्या स्वयंपाकघराहूनही लहान! विटांचा एकेक थर किंचित आत सरकवत घुमट घंटेसारखा निमुळता वर नेलाय. तुम्ही असतात तर आधी सांधे तपासले असते, चित्रं मागाहून.

रंग चारच: काळा, तांबडा, पिवळा, पांढरा. अगदी वर तीन रथ गोल धावताहेत. खालच्या रुंद पट्ट्यात जेवणाचा थाट. घोडे आणलेत, तुताऱ्या वाजताहेत, एक बाई फळांचं तबक घेऊन आलीय, त्यात डाळिंबं. मधोमध नवरा-बायको. त्याच्या डोक्यावर पानांचा मुकुट, पुढ्यात तिपाईवर खाणं. ती बाजूच्या उंच आसनावर, मान खाली. कुणीतरी जायला निघालंय हे न सांगता कळतं.

आणि त्या दोघांनी एकमेकांचं मनगट धरलंय. बोटांत बोटं नाहीत, मनगटच. आई, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रस्ता ओलांडताना बाबा तुला असंच धरायचे. तू म्हणायचीस, "अहो सोडा, लोक बघतात." या दोघांना तर सगळं जग बघतंय, १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत! मी तिथे इतका वेळ उभी राहिले की मागचे लोक खाकरायला लागले.

जवळच सेवथोपोलिस होतं, सेवथेस तिसरा या राजाची राजधानी. धरणाच्या कामात सापडली, घाईघाईने खणून नोंदी झाल्या आणि त्याच कोप्रिंका धरणाच्या पाण्याखाली गेली. मला उजनीतलं पळसदेवचं देऊळ आठवलं. पण ते निदान उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं.

गुलाबाचा मुरंबा घेतलाय. आपल्या गुलकंदाहून पातळ आहे. बाबांना रोज एकच चमचा, शुगर आठवतेय ना? आई, बरणी वरच्या फळीवर ठेवू नकोस, तिथे फक्त त्यांचाच हात पोचतो.

तुमची,
मनी