ट्रेलरमधला वास शोधायला शिकवणाऱ्या काकांना

काका,
सा. न. वि. वि.

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन फिरणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांतर्फे हे आभाराचं पत्र. ट्रेलरमध्ये दुर्गंधी आली की बहुतेक जण ब्लॅक टँकमध्ये, म्हणजे संडासाचा मैला साठतो त्या टाकीत, निळं रसायन ओतत सुटतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! तुम्ही ती बाटली बाजूला ठेवायला लावलीत आणि एकच विचारलंत: वास नेमका कधी येतो?

फ्लश करताना येत असेल, तर आधी छतावरचा पंखा बघा, असं तुमचं सांगणं. पंखा आतली हवा बाहेर फेकतो. खिडक्या बंद असतील तर बदली हवा मिळेल तिथून आत येते, आणि संडासाचं पॅडल दाबताच टँकची वाट मोकळी होते. पंखा बंद करून फ्लश करायचं, किंवा एक खिडकी उघडी ठेवायची. खर्च शून्य.

पंखा बंद असूनही वास येत असेल तर छतावर चढायचं. टँकमधला वायू वर सोडणाऱ्या व्हेंट पाइपचं झाकण काढून टॉर्च मारायचा. पुष्कळ ट्रेलरमध्ये हा पाइप टँकला चिकटवलेला नसतो, रबरी कड्यात नुसता खोचलेला असतो. रस्त्याच्या धक्क्यांनी तो खाली सरकतो, त्याचं टोक मैल्यात बुडतं आणि वायूला वर जायला वाट उरत नाही. मग तो संडासातून आत येतो. पाइप वर ओढून छतापाशी पक्का केला की काम झालं. हे तपासायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नसतं.

सिंकखालचं कपाट उघडताच वास आला तर एअर अ‍ॅडमिटन्स व्हॉल्व्हवर संशय घ्यायचा, म्हणजे ट्रॅपजवळच्या (वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या पाइपाजवळच्या) उभ्या पाइपावरची ती प्लास्टिकची टोपी. पाणी वाहताना ती हवा आत घेते, एरवी बंद राहते. आतलं रबर कडक झालं किंवा कचरा अडकला की उघडीच राहते आणि ग्रे टँकमधली (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याच्या टाकीतली) हवा कपाटात येते. तो वास खरकटं नि चरबी कुजल्याचा असतो, संडासाचा नव्हे. व्हॉल्व्ह बहुधा दीड इंची आट्यांचा असतो. टेफ्लॉन टेप गुंडाळून नवा हातानेच आवळायचा, पाना लावला तर प्लास्टिक तडकतं.

प्रवासानंतर शॉवरपाशी वास आला तर ट्रॅपमधलं पाणी हिंदकळून गेलेलं असतं. एक-दोन कप पाणी ओतलं की पुरे. हिवाळ्यात पाण्याऐवजी गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे न गोठणारा द्रव.

संडासाच्या भांड्यातलं पाणी रात्रभर टिकलं नाही, तर दोष भांड्याच्या तळच्या झडपेच्या सीलचा. लगेच नवं घ्यायचं नाही. खाचेतले कागदाचे तुकडे नि क्षार जुन्या टूथब्रशने काढले की बरेचदा तेच सील पुन्हा नीट बसतं. त्याला व्हॅसलीन लावायचं नाही, रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस लावायचं. संडास हलत असेल तर मात्र खालचं गॅस्केट गेलं समजावं.

फक्त गरम पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येतो तेव्हा दोष हीटरचा. स्टीलच्या टाकीतला मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड (टाकीऐवजी स्वतः झिजणारी कांडी) आणि पाण्यातले जिवाणू मिळून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. वीज आणि गॅस बंद, पाणी पूर्ण थंड, दाब सोडून टाकी धुवायची. मग 15 गॅलनला पाव कप साधं ब्लीच या हिशेबाने पाणी भरायचं, काही तास ठेवायचं आणि वास जाईपर्यंत स्वच्छ पाणी सोडायचं. अ‍ॅनोड काढून टाकला तर वास जाईल, पण टाकी गंजेल.

नळ बंद असतानाही हाच वास आला तर मात्र शोधाशोध नाही. तो प्रोपेनचा असू शकतो. कुठलंही बटण न दाबता सगळ्यांनी बाहेर पडायचं, बाहेरून सिलिंडर बंद करायचा आणि मदत बोलवायची. गॅस गळत नाही हे पक्कं झाल्यावर जास्त चार्ज होऊन तापलेली बॅटरी तपासायची. इतर बाबतींत थट्टामस्करी करणारे तुम्ही, या एका मुद्द्यावर आवाज चढवायचात. बरं करायचात.

ब्लॅक टँकचा निचऱ्याचा व्हॉल्व्ह कॅम्पवर उघडा ठेवू नका, हेही तुमचंच. द्रव निघून जातो, घट्ट भाग ढीग करून बसतो. दोन-तृतीयांश भरल्यावर रिकामा करायचा आणि मग तीन-चार गॅलन पाणी आत सोडून ठेवायचं.

आता नवं सील आणायला दुकानात जाताना जुनं सोबत नेतो; संडासाच्या मॉडेलप्रमाणे ते बदलतं.

आपले,
ट्रेलरवाले