रॅमचं टायमिंग टाइट करताय? मग टेस्ट मे महिन्याच्या दुपारी करा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा संपल्या, पोरं घरी आहेत, आणि एप्रिल लागला की आमच्या भुसावळ-जळगावकडे एक गोष्ट हटकून होते. व्हिडिओत कोणीतरी रॅमच्या टायमिंगचे आकडे (एकेका कामाला रॅमला किती वेळ द्यायचा ते) कमी करून गेमचा एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, वाढवून दाखवतो, आपली पोरं तेच आकडे जसेच्या तसे बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगचा स्क्रीन) टाकतात, आणि थोड्या दिवसांनी निळा स्क्रीन यायला लागला की "भो, विंडोज खराब झाली वाटतं" म्हणून फॉरमॅट मारत बसतात. ओळखीतल्या पोरांचे पीसी मी बघून देतो, त्यामुळे हे सारखं दिसतं. आपल्या पेपरात मोबाईलबद्दल भरपूर येतं पण याबद्दल मराठीत धड काही वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

टायमिंग टाइट करणं वाईट अजिबात नाही, एक रुपया न घालता थोडा स्पीड मिळतो आणि मशीन आतून कसं चालतं ते कळतं. पण सुरुवात तिथून करायची नसते. आधी टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा आणि स्पीड किती दिसतोय ते बघा, कारण ३२०० ची रॅम विकत घेऊन वर्षानुवर्षं २४०० नाहीतर २६६६ वर चालवणारे कितीतरी लोक आहेत. बायोसमध्ये एक्सएमपी नावाचं, रॅम तिच्या लिहिलेल्या स्पीडवर चालवणारं प्रोफाइल चालूच केलेलं नसतं (डीडीआर४ नंतरची रॅमची पिढी म्हणजे डीडीआर५, एएमडीच्या त्या नव्या बोर्डांवर त्याला एक्सपो म्हणतात). सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये १६०० दिसलं तर मात्र घाबरू नका आणि दुकानदाराशी भांडायलाही जाऊ नका, डीडीआर म्हणजे एका क्लॉकमध्ये, म्हणजे एका ठोक्यात, दोनदा डेटा जातो, म्हणून १६०० दिसणं म्हणजे ३२०० बरोबर चालू आहे. दुसरं, १६ जीबीची एकच स्टिक असेल तर ड्युअल चॅनल (एकाच वेळी दोन रस्त्यांनी डेटा) मिळत नाही, आणि दोन स्टिक असतील तर चार स्लॉटच्या बोर्डात बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही त्यांना एवढ्यानेच जो फरक पडतो तो टायमिंगने कधीच पडणार नाही.

आता ते १६-१८-१८-३६ वगैरे आकडे. रॅमच्या आत डेटा ओळींमध्ये ठेवलेला असतो. तलाठी ऑफिसच्या रजिस्टरचं पान उघडायला लागणारा वेळ म्हणजे टीआरसीडी, उघडलेल्या पानावरची नोंद वाचून द्यायला लागतो तो सीएल, दुसरं पान काढायच्या आधी हे पान बंद करायला लागतो तो टीआरपी, आणि एकदा उघडलेलं पान कमीत कमी किती वेळ उघडं ठेवायचं तो टीआरएएस. हे सगळे आकडे क्लॉकमध्ये असतात, सेकंदात नाही, म्हणून नुसता सीएल बघून रॅम चांगली की वाईट ठरत नाही. सीएलला २००० ने गुणा आणि रॅमच्या स्पीडने भागा, की नॅनोसेकंद निघतात. ३२०० ला सीएल १६ म्हणजे १०, ३६०० ला सीएल १८ म्हणजे तेही १० च, डीडीआर५ चं ६००० ला सीएल ३० तेही १०, पण ३२०० ला सीएल २२ असेल तर पावणेचौदा. रॅम घ्यायला जाताना एवढा हिशोब करून गेलात तरी पुष्कळ आहे.

कमी करताना एका वेळी एकच आकडा एकने कमी करायचा आणि टेस्ट करायची. व्होल्टेज स्टिकरवर लिहिलंय तेवढंच, डीडीआर४ च्या एक्सएमपीला सहसा १.३५ असतं, नवख्याने त्याच्या वर जायचं काम नाही. एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर गिअर डाउन मोड ही बायोसमधली सेटिंग चालू असेल तर विषम सीएल चालत नाही, १५ टाकलं की बोर्ड गुपचूप १६ करतो आणि आपण उगाच खूश होतो. इंटेलच्या एच६१० सारख्या स्वस्त बोर्डात मेमरी ओव्हरक्लॉकिंग (रॅम ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) मिळतच नाही, बहुतेक लॅपटॉपमध्येही नाही, तिथे वेळ घालवू नका. आणि टॅली किंवा वर्डसाठी मशीन असेल तर हे सगळं केलंच नाही तरी चालतं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. सगळ्यात जास्त फायदा दिसतो टीआरएफसी नावाचा आणखी एक आकडा कमी केल्याने, आणि आपल्या खान्देशात सगळ्यात जास्त घात तोच करतो. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका बारीक कपॅसिटरमधला चार्ज, तो गळत राहतो, म्हणून डीडीआर४ मध्ये साधारण ६४ मिलिसेकंदात एकदा सगळी रॅम रिफ्रेश करावी लागते, आणि रॅम जितकी तापेल तितका चार्ज लवकर गळतो. रॅम ८५ डिग्रीच्या वर गेली तर रिफ्रेश दुप्पट वेळा करायचा नियम स्टँडर्डमध्येच आहे. टीआरएफसी म्हणजे त्या रिफ्रेशला दिलेला वेळ, तो छाटला आणि वर रॅम तापली की चुका सुरू. टीआरईएफआय (दोन रिफ्रेशमधलं अंतर) वाढवून रिफ्रेश लांबवलं तरी तेच होतं. व्हिडिओवाला बसलाय एसीत, आणि आपल्याकडे मे मध्ये ४४-४५ डिग्री, पोराची खोली वरच्या मजल्यावर पत्र्याखाली, त्यात ग्राफिक्स कार्डची गरम हवा सरळ रॅमकडे.

आमच्या गल्लीतल्या एका पोराचं टीआरएफसी कमी केलेलं मशीन डिसेंबरात रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवून एक चूक न देता पास झालं होतं. मे मध्ये गेम मधूनच बंद पडायला लागले. सकाळी टेस्ट लावली तर परत पास, आणि तीच टेस्ट दुपारी तीनला लावली तर स्क्रीनवर लाल ओळीच ओळी. टीआरएफसी परत ५६० केला, बाकी एकाही आकड्याला हात लावला नाही, आणि भर दुपारी लाल ओळी बंद झाल्या. पण तोपर्यंत त्याच्या बहिणीच्या लग्नाचे बरेच फोटो अर्धे राखाडी होऊन बसले होते, कारण चुकीचा बिट हार्ड डिस्कवर कॉपी होताना कोणी ओरडून सांगत नाही.

म्हणून टेस्ट दुपारी करा, पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट आणि नंतर विंडोजमध्ये टीएम५ किंवा ओसीसीटी हे तसेच तपासणारे प्रोग्राम, सोबत ग्राफिक्स कार्डही तापू द्या, आणि एक जरी एरर आली तरी ती सेटिंग नापास समजा. डीडीआर५ मध्ये चिपच्या आत ईसीसी (चुका दुरुस्त करायची सोय) असतं म्हणून निर्धास्त राहू नका, ते बारीक चुका झाकतं, पण चिप ते प्रोसेसर या रस्त्यावरच्या चुका त्याला दिसत नाहीत. डेटाचा बॅकअप आधीच दुसरीकडे काढून ठेवा. आणि कॅबिनेट उघडून समोर कूलर लावायचा प्रकार तर कृपा करून बंद करा, त्याची ओली हवा बोर्डावर जाते, त्यापेक्षा साधा टेबल फॅन बरा.

मशीन चालूच झालं नाही तर घाबरून दुकानात पळायची गरज नाही. स्विच बंद करून बोर्डावरचा गोल सेल थोडा वेळ काढून ठेवा, बायोस मूळ सेटिंगवर येतो. डीडीआर५ असेल तर आकडे बदलल्यावर पहिल्यांदा चालू होताना काही मिनिटं स्क्रीन काळाच राहतो, बोर्ड मेमरी ट्रेनिंग, म्हणजे रॅमशी जुळवून घेणं, करत असतो, तेवढ्यात प्लग ओढू नका. लाइट जायची वेळ ठरलेली असेल तर त्या वेळेत हे कामच काढू नका.

संपादक साहेब, सुट्टीत पुरवणीचं अर्धं पान या विषयाला मिळालं तर पोरांचं भलं होईल. आयटीआय आणि पॉलिटेक्निकमधल्या सरांनी मे मधली एखादी दुपार पोरांकडून मेमटेस्ट लावून घ्यायला द्यावी. आणि असेंबल पीसी विकणाऱ्यांना विनंती की मशीन देताना एक्सएमपी चालू करून, रॅम किती स्पीडवर आणि किती चॅनलवर चालतेय ते बिलावर लिहून द्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आपला,
एक वाचक, भुसावळ