सूचना : शनिवारचा सामना

सभासदांनो, अमेरिकन फुटबॉलचा नवा हंगाम सुरू होतोय. येत्या शनिवारी मिनेसोटातल्या कॉलेजव्हिलला, सेंट जॉन्स विद्यापीठाच्या मैदानावर जायचंय. सकाळी दहाला निघू. गाडीत जागा हवी असेल त्यांनी गुरुवारपर्यंत कळवा.

नव्या सभासदांसाठी : हा अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा तिसरा विभाग (डिव्हिजन थ्री), इथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. पोरं निव्वळ हौसेनं खेळतात. जॉन गॅग्लियार्डी १९५३ ते २०१२ इथले प्रशिक्षक होते. कारकिर्दीत ४८९ विजय, आणि सरावात एकमेकांना पाडायला सक्त मनाई!

भोवती झाडी, खोलगट मैदान. हेल्मेटवर हेल्मेट आदळल्याचा आवाज वरच्या पायरीपर्यंत येतो. लाल कपडे घाला, पाण्याची बाटली विसरू नका. लहान मुलांना जरूर आणा.