पहिली चिठ्ठी नवऱ्याच्या तपासणीची लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिरोली औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या एका लॅबमध्ये मी बरीच वर्षं तंत्रज्ञ म्हणून काम करते आहे. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि दिवस राहिले नाहीत, की आमच्याकडे आधी येते ती सून. बरोबर सासू, नाहीतर नणंद. थायरॉइडची तपासणी झालेली असते, प्रोलॅक्टिन या हार्मोनची झालेली असते, सोनोग्राफ्या तर ढीगभर. नळ्यांची तपासणी झालेली असते, कुणाची पिशवी साफ केलेली असते, कुणाला भूल देऊन दुर्बिणीतून पाहिलेलं असतं. एवढ्या जाड फायलीत नवऱ्याच्या नावाचा एक कागद सापडत नाही. विचारलं तर सासू म्हणते, "त्याला काय झालंय? धडधाकट आहे."

धडधाकट असण्याचा आणि शुक्राणूंचा संबंध फार थोडा आहे, हे मला या पत्रातून घरोघरी पोचवायचं आहे. वीर्यात शुक्राणूंचा वाटा शेकडा पाचसुद्धा नसतो, बाकी सगळा द्रव. त्यामुळे शुक्राणू अजिबात नसले तरी पुरुषाला स्वतःला काही वेगळं जाणवत नाही आणि शरीरसंबंधातही काही कमी पडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कळायला मार्ग नाही. मूल न राहणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचं काहीतरी कारण असतं, कधी एकट्या त्याचं, कधी दोघांचं मिळून. आणि त्याच्या वीर्याची तपासणी काही शे रुपयांत होते. सुई टोचावी लागत नाही, भूल द्यावी लागत नाही. तरी ती सगळ्यात शेवटी होते, याचा मला संताप येतो.

पुरुष आले तरी काउंटरवर बाई बघून परत जातात. मग बायको बाटली घेऊन येते. औषधाची जुनी बाटली धुऊन आणलेली, किंवा निरोधमध्ये बांधून आणलेलं, गाडीच्या डिकीत उन्हात तापलेलं, नाहीतर बर्फात ठेवलेलं. असा नमुना तपासण्यात अर्थ नसतो. निरोधवरचं वंगण शुक्राणूंना मारतं. बाटली लॅबमधूनच न्यावी, घरून आणायचं असेल तर शर्टाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवून तासाभराच्या आत पोचवावी. पहिले थेंब सांडले असतील तर न लाजता सांगावं, कारण सगळ्यात जास्त शुक्राणू त्याच भागात असतात. तपासणीआधी वीर्यस्खलनात दोन ते सात दिवसांचा खंड पुरे. महिनाभर थांबलं की काउंट, म्हणजे शुक्राणूंचा आकडा, वाढेल असं समजून बरेच जण येतात. आकडा थोडा वाढतोही, पण हालचाल मंदावलेली दिसते.

रिपोर्ट हातात पडल्यावर घाबरणारेही खूप. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमावलीत एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा दिली आहे आणि एकूण ४२ टक्के हलते असावेत असं म्हटलं आहे. आकार चांगला असलेले ४ टक्के असले तरी पुरतात. तो चारचा आकडा बघून माणसं रडकुंडीला येतात, म्हणून मुद्दाम लिहिते. या मर्यादेच्या खालच्या माणसांनाही मुलं होतात. एका रिपोर्टवर कुणी कुणाला शिक्का मारू नये, तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करावी. "निल", म्हणजे एकही शुक्राणू नाही, असं आलं तर नमुना मशिनमध्ये फिरवून खाली बसलेला साका तपासायचा असतो. तो तपासला का, हे विचारायचा पेशंटला हक्क आहे. आणि निल असलं तरी पुढे वाट असते. कुणाची नळी बंद असते, कुणाचे हार्मोन कमी असतात, त्यावर उपाय आहेत. १९९२ पासून तर एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडण्याची पद्धत उपलब्ध आहे. ती महाग आहे, पण तिथवर जायची वेळ सगळ्यांवर येत नाही.

आमच्या भागातलं एक कारण मात्र उघड्या डोळ्यांनी दिसतं, ते म्हणजे भट्टी. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फौंड्रींमध्ये ओतकामावर, भट्टीसमोर पोरं आठ-आठ तास उभी असतात. साखर कारखान्यात बॉयलरवर तेच. वृषण शरीराबाहेर असतात ते उगीच नाही, त्यांना अंगापेक्षा दोन ते चार अंश थंडावा लागतो. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरचंही तेच, दिवसभर तापलेल्या केबिनमध्ये बसून. नोकरी सोड असं मी कुणाला सांगणार नाही, घरं त्यावर चालतात. पण डॉक्टरची चिठ्ठी असेल तर सुपरवायझरने तीन-चार महिने मोल्डिंगला किंवा डिस्पॅचला बदलून द्यावं, एवढं कारखानदारांना जमण्यासारखं आहे. तीन महिने अशासाठी, की शुक्राणू तयार व्हायला साधारण सत्तर-पंचाहत्तर दिवस लागतात आणि बाहेर येण्याजोगा व्हायला आणखी काही दिवस. आज पेरलेल्याचं पीक तेव्हा हाती येतं. म्हणून तंबाखू आज सोडली आणि पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून पुन्हा धरली, तर काय उपयोग? डेंग्यू किंवा टायफॉइडचा मोठा ताप येऊन गेला असेल तरी काउंट पुढचे दोन-तीन महिने पडलेला असतो. ताप येऊन गेल्याचं डॉक्टरला सांगावं.

तंबाखू, मावा, गुटखा, विडी, दारू यांच्याबद्दल सगळे बोलतात, ते खरंच आहे. ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते इंजेक्शनबद्दल सांगते. जिममध्ये अंग भरण्यासाठी टेस्टोस्टेरॉन किंवा स्टेरॉइड घेणारी पोरं हल्ली खेड्यातही आहेत. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदूकडून वृषणांना जाणारा निरोप बंद होतो आणि शुक्राणू बनणं थांबतं. छाती रुंद आणि रिपोर्ट निल, असे तरुण मी पाहिले आहेत. इंजेक्शन बंद केल्यावर बहुतेकांचं परत सुरू होतं, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षाच्या वर. वाईट याचं वाटतं, की "ताकद कमी आहे" म्हणून मूल हवं असणाऱ्यालाही कुणीकुणी हेच इंजेक्शन देतं.

काउंट वाढवणाऱ्या पावडरींवर हजारो रुपये घालवण्याआधी थांबावं. जस्त आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या पुरुषांना सहा महिने देऊन अमेरिकेत दोन हजारांहून अधिक जोडप्यांवर चाचणी झाली, तिचा निकाल २०२० मध्ये आला. मुलं होण्याचं प्रमाण वाढलं नाही. त्या पैशात सर्जनला किंवा यूरॉलॉजिस्टला दाखवलं तर डाव्या वृषणाच्या फुगलेल्या शिरा तरी सापडतील. हा व्हेरिकोसील तपासणीला येणाऱ्या पुरुषांत पुष्कळ आढळतो आणि योग्य पेशंटमध्ये ऑपरेशनने फायदा होतो.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. बायको गावी आणि नवरा चाकणला, अशी जोडपीही वंध्यत्वाच्या गोळ्या खात असतात. गर्भ राहू शकेल असे दिवस महिन्यात असतात पाच-सहा. दोघं भेटतात तेव्हा नेमके तेच दिवस असतील असं नाही. आधी हे विचारायला हवं.

माझी मागणी आरोग्य खात्याकडे आहे. सरकारी दवाखान्यात वंध्यत्वाचा केसपेपर काढताना दोघांची नावं लिहावीत आणि नवऱ्याचा रिपोर्ट आल्याशिवाय बाईला भूल देऊन करायच्या तपासणीची तारीख देऊ नये. आशाताई सुनांशी बोलतात, पण पुरुषांशी या विषयावर बोलायची जबाबदारी उपकेंद्रातल्या आरोग्यसेवकांकडे द्यावी, ते पुरुष आहेत, त्यांच्याशी पोरं मोकळी बोलतील. आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात नमुना देण्यासाठी आतून कडी लागणारी एक स्वच्छ खोली हवी. आज कित्येक ठिकाणी सार्वजनिक संडासाकडे बोट दाखवलं जातं. तिथून माणूस बाटली रिकामीच परत करतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्या बायकोचं रक्त काढायला आम्हाला सांगितलं जातं.

आपली विश्वासू,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर
(आमच्याकडे येणाऱ्या पेशंटना संकोच वाटू नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)